फुटतूट वही

आठ चष्मे आले. काळे, पट्ट्यांचे,
टांग्याच्या घोड्याला झापडं असतात तसे.
लांजेवार सर म्हणाले,
शेंडेबाई, आता तुमचं काम हलकं झालं.
म्हणजे काय, ते मला कळलं.

पाचपावलीतल्या या कॉलेजात एकतीस वर्षं
मी बरण्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या,
बेडकाला फॉर्मॅलीन घातलं,
आणि लिहीत आले एक लांबट वही:
तारीख, नाव, वस्तू, कारण, दंड.
परीक्षानळ्या तीन. चंचुपात्र एक.
कारणाच्या रकान्यात सगळ्यांचं एकच: चुकून.

आता स्पिरिटच्या बोळ्यानं चष्मे पुसते.
एप्रिल, त्रेचाळीस डिग्री, कूलरची टाकी कोरडी.
फोमला पोरांच्या कपाळाचा घाम,
खोबरेल तेल, एखादा चिकटलेला केस.
पोरं रांगेत उभी राहून हवेत हवा ओततात,
नसलेला बर्नर फुंकर मारून विझवतात,
आणि एकमेकांना धडकून हसतात.

खोटं कशाला बोलू?
निश्चल खोब्रागडेनं फुटाळ्याहून मोठं पाणी पाहिलेलं नाही.
तो समुद्राच्या तळाशी उभा होता,
पाय उचलून टाकत होता गाळात टाकावेत तसे,
आणि तोंड उघडं.
एकतीस वर्षांत माझ्या कुठल्याच बरणीनं
कुणाचं तोंड असं उघडलं नव्हतं.

मीही घातला एकदा, कुणी नसताना.
आत प्रयोगशाळा होती, लखलखीत.
नळ गळत नव्हता. बाटल्या काठोकाठ भरलेल्या.
अमोनियाची बाटली नाकाशी नेली, काही नाही.
माझ्या अंगठ्यावर नायट्रिकचा पिवळा डाग आहे, जुना,
तिथल्या हाताला तोही नव्हता.
खूप वेळ शोधत राहिले,
ही जागा रोज पुसतं तरी कोण.

पलक उईकेचा उजवा हात थरथरतो,
जन्मापासून.
टायट्रेशनला सर तिला वाचन घ्यायला बसवायचे:
तू आकडे लिही, ओतेल दुसरं कुणी.
चष्म्यात ती यंत्रानं सावरली.
थेंब, थेंब, थेंब, मग थांबली.
पडद्यावर गुलाबी आलं, फिक्कं,
जितकं यावं तितकंच.
सर्वांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी फोटो काढला.

सुट्टी झाली तरी ती दाराशी.
"बाई, मले खरा ब्युरेट द्या ना."
काऊन? तिथं तर जमलं ना तुले.
"तिथं मी थरथरलीच नाई.
तो माहा हात नव्हता."

किल्ली माझ्या कमरेला. सर स्टाफरूममध्ये.
मी कपाट उघडलं.
कढत दुपार, खिडकीवर वाळ्याची सुकी ताटी.
तिनं काच धरली.
मी धरली नाही तिचा हात, धरावासा वाटला तरी.
पहिल्यांदा रंग एकदम गडद आला, जांभळट,
पाण्यानं धुतलं, पुन्हा मांडलं.
दुसऱ्यांदाही गडदच.
तिसऱ्यांदा भरताना नळी स्टँडवर आपटली
आणि फरशीभर काच.

ती रडली नाही. वाकून तुकडे पाहत राहिली.
म्हणाली, किती बारीक होतात, बाई.

वही काढली. शेवटची नोंद चार वर्षांपूर्वीची,
पानाला पान चिकटलेलं.
पलकनं स्वतः लिहिलं, वेड्यावाकड्या अक्षरात:
ब्युरेट एक. चूकून. ऱ्हस्व-दीर्घ मी सुधारलं नाही.
मागची पानं चाळली तेव्हा लक्षात आलं,
हिचं नाव या वहीत कधी आलंच नाही.
फोडायला हिला कुणी काही दिलंच नव्हतं.

दंडाचा रकाना कोरा ठेवलाय.
सर विचारतील तेव्हा पाहू.
चष्मे चार्जिंगला लावले, आठही,
बेडकाच्या बरणीशेजारी त्यांचे हिरवे दिवे.
मग झाडू घेतला.
उद्या ती परत येते म्हणाली.
स्टोअरमध्ये अजून दोन ब्युरेट आहेत.